सायकलीवरील बिनतारी केंद्र

बिनतारी संदेश पाठविणारे केंद्र म्हटले, की उंच लोखंडी मनोरा, जाड तारा, अवजड यंत्रे आणि त्यांची अहोरात्र देखभाल करणारे तज्ज्ञ असे चित्र पुष्कळांच्या डोळ्यांसमोर उभे राहते. आकाशवाणीचे एखादे केंद्र ज्याने पाहिले आहे, त्याला तसे वाटणे स्वाभाविकच आहे. परंतु ज्याने या विषयाचा अभ्यास केला आहे आणि सरकारी परवाना मिळविला आहे, असा एखादा विद्यार्थी आपल्या सायकलीच्या कॅरियरवर मावेल एवढीच सामग्री घेऊन उद्यानात जातो, अर्ध्या तासात तार उभारतो आणि शेकडो, प्रसंगी हजारो किलोमीटरांवरील अनोळखी माणसाशी संभाषण करतो. त्याच्या यंत्रातून बाहेर पडणारी शक्ती अवघी पाच वॅट असते. घरात रात्रभर तेवत ठेवावयाच्या लहान दिव्याला जेवढी वीज लागते, तेवढीच ही शक्ती होय.

हे कसे घडते, त्यासाठी कोणती सामग्री व कोणते ज्ञान लागते आणि ही विद्या शिकून ठेवण्यात समाजाचे काय हित आहे, याचा विचार या पुस्तिकेत करावयाचा आहे. उदाहरणादाखल आपण जबलपूर शहर घेऊ. नर्मदेच्या काठचे हे शहर मराठी वाचकांना परके नाही. नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली ते १८१७ पर्यंत होते. पुढे मध्य प्रांताचा भाग म्हणून त्याचा नागपूरशी निकटचा संबंध राहिला आणि अनेक मराठी कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झाली. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने या शहराची निवड करण्यास आणखीही कारणे आहेत. ती ओघाने स्पष्ट होतील.

हौशी रेडिओ म्हणजे काय?

पैसा मिळविण्याचा हेतू न ठेवता, केवळ ज्ञानार्जनासाठी, तांत्रिक प्रयोगांसाठी आणि परस्परांशी संपर्क साधण्यासाठी परवानाधारक व्यक्ती जे बिनतारी संदेशवहन करतात, त्यास हौशी रेडिओ असे म्हणतात. असे करणाऱ्यास जगभर ‘हॅम’ हे सुटसुटीत नाव आहे. आकाशवाणीचे केंद्र सर्वांसाठी बोलते आणि आपण ते ऐकतो. हौशी केंद्र एका व्यक्तीशी बोलते आणि तिचे उत्तरही ऐकते. हा दोहोंतील मुख्य भेद होय.

या छंदाचा इतिहास बोधप्रद आहे. १९१२ साली अमेरिकेत झालेल्या कायद्याने हौशी लोकांना २०० मीटरांहून कमी लांबीच्या तरंगांपुरते मर्यादित करण्यात आले. हे आखूड तरंग दूरच्या संदेशवहनास निरुपयोगी आहेत, असा त्या काळी तज्ज्ञांचा समज होता. निरुपयोगी म्हणून दिलेल्या या क्षेत्रातच हौशी मंडळींनी प्रयोग चालविले आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधील लेऑन देलुआ यांनी सुमारे ११० मीटरांच्या तरंगांवर अटलांटिक महासागरापलीकडील अमेरिकन हौशी केंद्रांशी दुतर्फा संभाषण केले. टाकाऊ मानलेले लघुतरंगच दूर जाण्यास उत्तम आहेत, हे या प्रयोगांनी जगाला दाखवून दिले.

आपल्या देशात १९२१ च्या सुमारास अमरेंद्र चंद्र गुप्तू आणि त्यानंतर दोन वर्षांनी मुकुल बोस यांनी हौशी केंद्रे चालविली. दुसरे महायुद्ध सुरू होताच १९३९ मध्ये हौशी प्रक्षेपणास बंदी झाली. याच काळात, १९४२ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या महिन्यांत, उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्तपणे चालविलेला ‘काँग्रेस रेडिओ’ प्रसिद्धच आहे. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून त्यांना आपले यंत्र एका घरातून दुसऱ्या घरात सारखे हलवावे लागे. तो हौशी संदेशवहनाचा प्रकार नव्हे, तो स्वातंत्र्यलढ्याचा भाग होता. परंतु हलविता येणाऱ्या लहान यंत्राचे सामर्थ्य त्याने लोकांच्या प्रत्ययास आणून दिले.

स्वातंत्र्यानंतर १५ मे १९४८ रोजी महू येथील लष्करी सिग्नल विद्यालयात भारतातील हौशी रेडिओ मंडळाची स्थापना झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मस्थान असलेले महू आज मध्य प्रदेशातच आहे. पुढे या मंडळाचे मुख्य कार्यालय दिल्लीस गेले आणि १९५४ मध्ये त्याला भारतीय हौशी रेडिओ संस्था असे नाव मिळाले. जबलपूरचेही सिग्नल दलाशी जुने नाते आहे. या दलाचे एक प्रशिक्षण केंद्र तेथे आहे. मुंबईतील नौदलाच्या उठावापाठोपाठ फेब्रुवारी १९४६ मध्ये या केंद्रातील भारतीय जवानांनीही ब्रिटिश सत्तेचा निषेध करून बराकी सोडल्या होत्या. टकटक करीत संदेश पाठविण्याची विद्या या शहराच्या चांगल्या परिचयाची आहे.

पाच वॅट आणि आकाशाचा आरसा

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. पाच वॅट शक्तीचे तरंग शेकडो किलोमीटर जातात तरी कसे? पृथ्वी गोल आहे आणि हे तरंग सामान्यतः सरळ रेषेत जातात. शिवाय जबलपूर आणि नागपूर यांच्यामध्ये सातपुड्याच्या रांगा आडव्या आहेत. हातात धरून बोलण्याचे जे लहान बिनतारी संच पोलिसांजवळ दिसतात, त्यांचे अतिशय आखूड तरंग अशा डोंगरांपाशी अडतात. लघुतरंगांना मात्र दुसरी एक वाट उपलब्ध आहे, आणि ती आकाशातून जाते.

सूर्याच्या अतिनील व क्ष-किरणांमुळे वातावरणाच्या वरच्या भागातील वायूंच्या अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात. या विद्युत्‌भारित थरांच्या समूहास आयनांबर म्हणतात. त्यातील सर्वांत वरचा महत्त्वाचा थर जमिनीपासून सुमारे ३०० किलोमीटर उंचीवर असतो. योग्य कंप्रतेचे, म्हणजे दर सेकंदास योग्य संख्येने कंप पावणारे तरंग या थरात शिरले म्हणजे हळूहळू वाकतात आणि पुन्हा जमिनीकडे परततात. जणू आकाशात एक आरसाच टांगलेला आहे. १९०२ साली केनेली आणि हेविसाइड यांनी अशा थराची कल्पना स्वतंत्रपणे मांडली आणि १९२४ च्या अखेरीस ॲपलटन यांनी प्रयोगाने त्याचे अस्तित्व सिद्ध केले. या कार्याबद्दल त्यांना १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा आरसा मात्र सर्वच तरंग परत पाठवीत नाही. सरळ वर पाठविलेला तरंग ज्या कमाल कंप्रतेपर्यंत परत येतो, तिला क्रांतिक कंप्रता म्हणतात. तिच्याहून अधिक कंप्रतेचा उभा तरंग थर भेदून अवकाशात निघून जातो. तिरपा तरंग मात्र याहून अधिक कंप्रतेचा असला तरी परत येऊ शकतो. तलावाच्या पाण्यावर उभा फेकलेला दगड बुडतो, तर चपटा दगड तिरका फेकल्यास भाकऱ्या काढीत पुढे जातो. त्यातलाच हा प्रकार आहे, असे ढोबळमानाने म्हणता येईल.

एका उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. जबलपूरहून नागपूर सरळ रेषेत सुमारे २४० किलोमीटर आहे. ३०० किलोमीटर उंचीवरील थरावरून परावर्तित होऊन तेथे पोहोचण्यासाठी तरंग क्षितिजापासून सुमारे ६७ अंशांच्या कोनात, म्हणजे जवळजवळ डोक्यावरच पाठवावा लागतो. मुंबई सुमारे ८६० किलोमीटर दूर असल्याने तेथे पोहोचण्यास कोन सुमारे ३२ अंशांचा पुरतो. समजा, एखाद्या दुपारी क्रांतिक कंप्रता ९ मेगॅहर्ट्‌झ आहे. गणिताने असे दिसते, की त्या वेळी नागपूरसाठी कमाल कंप्रता सुमारे ९.७, तर मुंबईसाठी सुमारे १५ मेगॅहर्ट्‌झ असेल. म्हणजे ७ मेगॅहर्ट्‌झच्या पट्ट्यात नागपूर व मुंबई या दोन्ही ठिकाणांशी बोलता येईल. पण १४ मेगॅहर्ट्‌झवर गेल्यास मुंबई ऐकू येईल आणि जवळचे नागपूर मात्र मुके राहील! दूरचे ऐकू यावे आणि जवळचे ऐकू येऊ नये, हे नवशिक्यास विलक्षण वाटते. पण त्यामागील कारण आता वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

जबलपूरच्या आकाशाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. सूर्याचा ताप विषुववृत्तापाशी सर्वाधिक, तेव्हा आयनांबरही तेथेच सर्वांत दाट असावे, असे कोणासही वाटेल. वस्तुस्थिती तशी नाही. दिवसा चुंबकीय विषुववृत्तावर, म्हणजे आपल्याकडे थुंबासारख्या दक्षिण टोकाजवळच्या भागात, सुटे इलेक्ट्रॉन वर उचलले जातात आणि पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषांवरून घसरत दोन्ही बाजूंना उतरतात. कारंज्याचे पाणी वर जाऊन सभोवार पडावे, तसे हे घडते. त्यामुळे विषुववृत्ताच्या उत्तरेस व दक्षिणेस दाट आयनांबराचे दोन पट्टे तयार होतात. १९४६ साली ॲपलटन यांनी या वैशिष्ट्याकडे लक्ष वेधले आणि त्याच सुमारास कलकत्त्याचे प्राध्यापक शिशिरकुमार मित्र यांनी त्याच्या कारणांविषयी विचार मांडला. पुढील संशोधनाने त्यात मोलाची भर घातली. उत्तरेकडील हा दाट पट्टा भारतात साधारणपणे भोपाळच्या अक्षांशाच्या आसपास येतो. जबलपूर भोपाळच्याच अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहे. तेव्हा दुपारनंतर या शहरावरील आकाशाचा आरसा पुष्कळदा उत्तम स्थितीत असतो.

यात शहराच्या स्थानाची भर पडते. जबलपूरहून मुंबई आणि कोलकाता ही दोन्ही शहरे जवळजवळ सारख्याच, म्हणजे सुमारे ८६० किलोमीटर अंतरावर आहेत. दिल्ली सुमारे ६६० आणि चेन्नई सुमारे १,१२० किलोमीटरांवर आहे. तरंगाच्या एकाच उडीत देशाचा बहुतेक भाग टप्प्यात यावा, असे हे मध्यवर्ती ठिकाण आहे.

शक्ती थोडी असली तरी चालते, याचेही कारण पाहू. शंभर वॅटांऐवजी पाच वॅट वापरले तर शक्ती एकविसांश होते. परंतु ग्राहक यंत्रावरील संकेताच्या मोजपट्टीवर एक घर खाली यायला शक्ती एकचतुर्थांश व्हावी लागते. म्हणून वीसपट घट होऊनही संकेत दोन घरांहून थोडाच अधिक खाली येतो. जो संकेत मुळात स्वच्छ होता, तो आता जरा मंद पण स्पष्ट ऐकू येतो. मोर्स संकेत वापरल्यास तर गोंगाटातूनही तो ओळखता येतो.

सामग्री आणि तिचे वजन

सायकलीवरून न्यावयाच्या केंद्राचे चार भाग असतात: प्रक्षेपण व ग्रहण या दोन्ही गोष्टी करणारा संच, बॅटरी, आकाशक म्हणजेच एरियल, आणि आकाशकाला संचाशी जोडणारी केबल. संच दीड किलोग्रॅमच्या आत असतो. पूर्वी १२ व्होल्टांची शिसे-आम्ल बॅटरी वापरीत. ७ अँपिअर-तासांच्या अशा बॅटरीचे वजन दोन किलोग्रॅमांहून अधिक भरते. आता लिथियम लोह फॉस्फेट प्रकारच्या बॅटऱ्या मिळू लागल्याने हे वजन निम्म्याहून कमी झाले आहे. सारी सामग्री, दुमडता येणारी काठी व दोऱ्या धरून, आठ किलोग्रॅमांत बसते.

बॅटरी किती वेळ पुरेल, याचा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा. समजा, बोलताना संच २ अँपिअर आणि ऐकताना ०.४ अँपिअर विद्युत्प्रवाह घेतो आणि एकूण वेळेपैकी पाव वेळ आपण बोलतो. मग सरासरी प्रवाह ०.८ अँपिअर होईल. ६ अँपिअर-तासांच्या बॅटरीतील चार-पंचमांश वीजच वापरावयाची, असे ठरविल्यास ती सहा तास पुरेल. या हिशेबातून एक धडा आपोआप मिळतो: जो जास्त ऐकतो आणि थोडे बोलतो, त्याची बॅटरी अधिक काळ टिकते.

सायकलीचा विचार वाहनापुरताच करू नये. तिच्या स्टँडवर ती उभी केली, की काठी बांधण्यास ती उत्तम आधार होते. सामान कॅरियरवर उंच रचण्यापेक्षा दोन्ही बाजूंना पिशव्यांतून खाली टांगावे, म्हणजे तोल जात नाही. बांधण्यासाठी जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्यांसारखे दुसरे साधन नाही. संच मात्र जाड कापडात गुंडाळून पाठीवरच्या पिशवीत ठेवावा, कारण खडबडीत रस्त्याचे हादरे त्याला सोसत नाहीत.

सायकल आणि बिनतारी यांची सांगड नवी नाही. १९२९ साली ऑस्ट्रेलियात आल्फ्रेड ट्रेगर यांनी पायांनी पेडल मारून वीज निर्माण करणारा बिनतारी संच तयार केला. विजेची सोय नसलेल्या ओसाड प्रदेशातील कुटुंबांना त्यामुळे विमानाने येणाऱ्या डॉक्टरांना हाक मारता येऊ लागली. अमेरिकेतील हौशी मंडळींनी १९३३ पासून दरवर्षी जून महिन्यात घराबाहेर, मोकळ्या मैदानात केंद्रे उभारण्याचा उपक्रम चालविला आहे. अलीकडे डोंगरमाथ्यांवरून आणि उद्यानांतून केंद्रे चालविण्याचे उपक्रम अनेक देशांत पसरले आहेत. उद्यानांच्या उपक्रमात एका दिवसात किमान दहा संपर्क साधले, तरच ती मोहीम यशस्वी मानतात. यातील दिवस जागतिक प्रमाणवेळेचा असतो. आपल्याकडे तो पहाटे साडेपाचला बदलतो, हे लक्षात ठेवावे लागते.

आकाशक कसा उभारावा?

संच कितीही चांगला असला तरी खरे काम आकाशक करतो. सर्वांत सोपा आकाशक म्हणजे अर्ध्या तरंगलांबीची तार, मधोमध तोडून तेथे केबल जोडलेली. तिची लांबी काढण्याचे सूत्र सोपे आहे: १४३ या संख्येला मेगॅहर्ट्‌झमधील कंप्रतेने भागावे, म्हणजे मीटरांत लांबी मिळते. ७.१ मेगॅहर्ट्‌झसाठी ती सुमारे २० मीटर येते, म्हणजे प्रत्येक बाजू १० मीटरांची.

उद्यानात दोन उंच खांब मिळणे कठीण. म्हणून मधला भाग साडेसहा मीटर उंचीच्या, फायबरग्लासच्या एकात एक बसणाऱ्या काठीवर चढवावा आणि दोन्ही टोके दोरीने उतरती बांधावीत. उलट्या ‘व्ही’ अक्षरासारखा हा आकार होतो. टोके जमिनीपासून दोन मीटर उंच ठेवली, तर एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे १८ मीटर जागा लागते. इतक्या कमी उंचीवरील आकाशक बहुतेक शक्ती वरच्या दिशेने फेकतो. दूरदेशीच्या संपर्कास ही उणीव ठरते, पण नागपूरसारख्या जवळच्या ठिकाणासाठी नेमके हेच हवे असते. वाटेतील डोंगरांचा मग काही अडथळा राहत नाही.

युरोप अथवा जपानपर्यंत पोहोचावयाचे असेल, तर १४ मेगॅहर्ट्‌झसाठी सुमारे ५ मीटरांची तार काठीवर उभी बांधावी आणि तिच्या पायथ्याशी तेवढ्याच लांबीच्या चार तारा जमिनीवर पसराव्यात. असा आकाशक क्षितिजाजवळच्या कोनात शक्ती पाठवितो. संच सुरू करण्यापूर्वी आकाशकाकडून किती शक्ती परत येते, हे मापकावर पाहावे आणि तारेची लांबी थोडी कमी-अधिक करून ती घट कमीत कमी करावी.

संभाषणाची रीत ठरलेली आहे. आधी पुरेसा वेळ ऐकावे आणि कंप्रता मोकळी आहे याची खात्री करावी. मग ‘सी क्यू’ ही सर्वांना उद्देशून असलेली हाक देऊन आपले संकेतनाम सांगावे. भारतीय केंद्रांची संकेतनामे बहुधा ‘व्ही यू’ या अक्षरांनी सुरू होतात. उत्तर आले, की परस्परांच्या संकेताचा दर्जा अंकांत सांगावा, ठिकाण कळवावे आणि आभार मानून निरोप घ्यावा. प्रत्येक संपर्काची वेळ, कंप्रता व संकेतनाम नोंदवहीत लिहावे. राजकारण, व्यापार अथवा खाजगी निंदा यांना येथे स्थान नाही.

उद्यानातील शिस्त

जबलपूरमध्ये शहराच्या मध्यभागी भवरताल उद्यान आहे, तर शहराबाहेर एक हजार हेक्टरांहून मोठे डुमना निसर्ग उद्यान व त्यातील खंदारी जलाशय आहे. तेथे चितळ चरताना दिसतात आणि बिबट्याचाही वावर असतो. अशा ठिकाणी आपण पाहुणे आहोत, ही जाणीव ठेवावी. व्यवस्थापकांची अनुमती आधी घ्यावी, झाडांना खिळे मारू नयेत, पायवाटेवर तारा आडव्या बांधू नयेत, आणि इतरांना त्रास होऊ नये म्हणून कानाला लावावयाचा श्रवणक वापरावा. डुमना येथे विमानतळही जवळच आहे. तेव्हा पतंग वा फुग्याने तार उंच चढविण्याचा विचारही करू नये. जबलपूर हे लष्करी छावणीचे शहर असल्याने परवाना व ओळखपत्र नेहमी जवळ बाळगावे आणि कोणी विचारल्यास नम्रपणे दाखवावे. परवान्यात केंद्राचे स्थान नमूद असते. म्हणून अन्यत्र यंत्र चालविण्यासंबंधीचे नियम आधी नीट वाचून त्यांप्रमाणे वागावे.

सुरक्षिततेचे नियम तर कधीही मोडू नयेत. काठी उभारण्यापूर्वी वर पाहावे. जवळपास विजेची तार असेल, तर ती जागा सोडून द्यावी. तारेच्या टोकांशी पाच वॅट शक्तीवरही उच्च विद्युत्दाब असतो. म्हणून ती हाताच्या टप्प्याबाहेर ठेवून त्यांना रंगीत चिंधी बांधावी. मे-जून महिन्यांत दुपारनंतर वादळी ढग जमतात. दूरवर गडगडाट ऐकू येताच केबल काढून, आकाशक उतरवून आसऱ्याला जावे. अपुरा राहिलेला संपर्क दुसऱ्या दिवशीही साधता येतो.

छंद की राष्ट्रीय ठेव?

येथे कोणी विचारील, की प्रत्येकाच्या खिशात मोबाइल फोन असताना या खटाटोपाचे प्रयोजन काय? प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर जबलपूरच्याच अनुभवात आहे.

२२ मे १९९७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी जबलपूरला ५.८ परिमाणाचा भूकंप झाला. सुमारे चाळीस माणसे मृत्युमुखी पडली आणि हजारो घरांचे नुकसान झाले. त्यापूर्वी ३० सप्टेंबर १९९३ रोजी, पहाटे चारच्या सुमारास, किल्लारी व आसपासच्या गावांवर ओढवलेला अनर्थ महाराष्ट्र विसरलेला नाही. मोबाइल फोन हा वास्तविक एका लांब साखळीचा शेवटचा दुवा आहे. मनोरा, त्याला पुरविली जाणारी वीज, तिच्या अभावी चालणारी बॅटरी, आणि मनोऱ्यांना जोडणाऱ्या केबली यांपैकी एकही दुवा तुटला, की फोन हातात असूनही मूक होतो. जे मनोरे शाबूत राहतात, त्यांवर सर्वांच्या हाका एकाच वेळी येऊन आदळतात. हौशी केंद्राला मधल्या कोणत्याच दुव्याची गरज नसते. त्याला तार, बॅटरी आणि आकाश एवढेच पुरते. लातूरच्या १९९३ च्या व गुजरातच्या २००१ च्या भूकंपांनंतर हौशी मंडळींनी संदेशवहनास साहाय्य केले. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेचे पथक भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली प्रयोगासाठी अंदमानात गेले होते. २६ तारखेस त्सुनामीने बेटांचा संपर्क तुटला, तेव्हा पोर्ट ब्लेअरहून याच पथकाने बाहेरच्या जगाशी संपर्क राखला.

ही उदाहरणे उत्साहवर्धक आहेत. तथापि त्यांतून खोटा विश्वास निर्माण होऊ नये. जबलपूर व किल्लारी येथील भूकंपांची वेळ पुन्हा पाहा. दोन्ही पहाटेचे आहेत. सूर्योदयापूर्वीच्या घटकेत आयनांबर सर्वांत विरळ असते. शिवाय सूर्यावरील डागांचे चक्र सुमारे अकरा वर्षांचे असून १९९६ मध्ये ते अगदी मंद अवस्थेत होते. अशा वर्षी, अशा वेळी क्रांतिक कंप्रता ३ मेगॅहर्ट्‌झच्या आसपास उतरू शकते. दुपारी ७ मेगॅहर्ट्‌झवर नागपूरशी सहज बोलणारा मनुष्य त्या पहाटे तोच संच, तीच तार वापरून हाक देत बसला असता, तर त्याची हाक बहुधा नागपूरवरून अवकाशात निघून गेली असती. त्याला साडेतीन मेगॅहर्ट्‌झच्या पट्ट्यात यावे लागले असते आणि त्यासाठी सुमारे ४० मीटर लांबीची तार जवळ असावी लागली असती. मुख्य म्हणजे, हे त्याला आधी ठाऊक असावे लागले असते.

उद्यानातील केंद्राचे खरे महत्त्व येथे आहे. घरात टेबलावर मांडलेला संच मनुष्याला यंत्र चालविण्यास शिकवितो. पण कोणत्या वेळी कोणती कंप्रता चालते, अंधारात काठी कशी उभारावी, सोबत आणावयाची कोणती वस्तू हमखास विसरते, बॅटरी प्रत्यक्षात किती तास पुरते, हे सर्व त्याला बाहेर पडूनच कळते. रस्त्यावर दगडमातीचा ढीग असेल आणि पेट्रोल मिळत नसेल, तेव्हा सायकल मोटारीपेक्षा पुढे जाते. अखेर पडलीच तर ती खांद्यावरही घेता येते. म्हणून रविवारच्या सकाळी उद्यानात चाललेला हा खेळ ही एक प्रकारची कवायतच होय. ती केवळ दुपारीच न करता कधी पहाटे, कधी रात्री आणि सर्व ऋतूंत केली पाहिजे. तसेच हाक देणारा एकटा असून भागत नाही. नागपूर, भोपाळ, मुंबई येथे ती ऐकणारे कान हवेत. ज्या शहरात असे दहा-वीस जाणकार आहेत आणि ज्यांची परस्परांशी नित्य गाठ पडते, त्या शहराजवळ संकटकाळासाठी एक ठेव आहे असे समजावे.

शाळा व ग्रंथालये यांचे कार्य

ही ठेव वाढविण्याचे काम शाळा व ग्रंथालये सहज करू शकतील. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणाही नागरिकास हौशी केंद्रचालकाची परीक्षा देता येते. केंद्र शासनाच्या दळणवळण मंत्रालयाची बिनतारी विभाग शाखा ती घेते. प्राथमिक वीजशास्त्र व रेडिओशास्त्र आणि नियम हे तिचे विषय होत. मर्यादित वर्गासाठी मोर्सची अट नाही, तर सर्वसाधारण वर्गासाठी दर मिनिटास आठ शब्दांच्या वेगाने मोर्स पाठविता व घेता यावे लागते. शाळेतील विज्ञान मंडळास एखाद्या परवानाधारकाच्या मार्गदर्शनाखाली कार्य आरंभिता येईल.

पहिल्या वर्षी फार खर्च करण्याचे कारण नाही. एक लहान घंटी, दोन सेल आणि लोखंडी पट्टीची चावी एवढ्यावर मोर्सचा सराव होतो. भूगोलाच्या तासाला नकाशावर आपल्या गावापासून प्रमुख शहरांची अंतरे मोजावीत. गणिताच्या तासाला आकाशकाची लांबी व बॅटरीचा काळ काढावा. परवानाधारक मार्गदर्शक आपला संच घेऊन आला, तर महिन्यातून एकदा पहाटे, दुपारी आणि रात्री कोणत्या पट्ट्यात कोणती शहरे ऐकू येतात, याची नोंद एका वहीत ठेवावी. अशी वही ग्रंथालयात वर्षानुवर्षे जतन केली, तर त्या गावावरील आकाशाचा इतिहासच तयार होईल, आणि गरज पडेल तेव्हा सायकलीवर सामान बांधून निघणाऱ्याला कोणती तार सोबत घ्यावी हे ती वहीच सांगेल.